गंगासागरची अकरा लेकरं

सत्त्याण्णव सालच्या एप्रिलात, एका मंगळवारी, दुपारी साडेबारा ते एकच्या दरम्यान गंगासागरला अकरा लेकरं झाली. ती तेव्हा गच्चीवर पापड वाळत घालत होती, त्यामुळं तिला लगेच कळलं नाही. संध्याकाळी धाकटे दीर संगमेश्वर तहसीलमधून आले, त्यांनी नवं रेशनकार्ड टीव्हीवर ठेवलं आणि म्हणाले, "वहिनी, चहा टाका. अन् हे जरा पाठ करून ठिवा."

कार्डावर आधी चार नावं होती. सासरे सिद्धलिंगआप्पा, नवरा राजेश्वर, ती स्वतः आणि रुचिका. आता पंधरा होती.

"एवढी?" गंगासागर म्हणाली. एकट्या रुचिकाच्या वेळी तिला अठरा तास लागले होते.

त्याचं असं झालं होतं, की दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं देशातली धोक्याच्या कामावरची सगळी पोरं मोजायला सांगितली होती. धर्मापुरीच्या रस्त्याला, माळावर, गंगासागरच्या सासरचा, म्हणजे तोडकऱ्यांचा फटाक्यांचा कारखाना होता. सहा पत्र्याच्या खोल्या, एक लिंबाचं झाड, एक फाटक. घरोघरी केबल आल्यापासून लोकांना दिवाळी टीव्हीतल्यासारखी पाहिजे होती, म्हणून माल दुप्पट जात होता. लवंगीच्या माळा वळायला आणि नळ्यांत दारू भरायला बारीक बोटं लागतात, आणि बारीक बोटं बारीक माणसांनाच असतात. अशी अकरा माणसं राजेश्वरकडं होती.

संगमेश्वर अंबाजोगाईला वकिली करत. त्यांनी कायदा दोनदा वाचला आणि त्यात त्यांना एक खिडकी सापडली. परक्याच्या लेकराला अशा कामावर ठेवता येत नाही, असं कायदा म्हणत होता. घरच्या धंद्यात घरचीच लेकरं राबत असली, तर मात्र कायद्याचं काही म्हणणं नव्हतं. कायदा करणाऱ्यांचा आईबापांवर फार विश्वास असावा.

"मंग घरचीच करून टाकू," राजेश्वर म्हणाला.

शाळेच्या पटावरची नावं जुळू नयेत म्हणून सगळ्यांना नवी नावं दिली. फाटकावरच्या राखणदाराची, सटवाची पोरगी मुक्ता तिसरीतून शाळा सोडून आली होती, ती ईश्वरी राजेश्वर तोडकरी झाली. सटवाला याचं वाईट वाटलं नाही. मालकाच्या कार्डावर आपली लेक, हे त्यानं दोनचार जणांना सांगितलंसुद्धा. त्याची बायको भिवराबाई मात्र त्या रात्री जेवली नाही. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनंही सांगितलं नाही.

अडचण आली ती आप्पांची. लिंगायताची पोरं म्हटल्यावर गळ्यात इष्टलिंग पाहिजे, हे संगमेश्वरच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी परळीच्या बाजारातून अकरा आणायचं ठरवलं. तेव्हा आप्पा, जे गेली सात वर्षं कारखान्याच्या कुठल्याच गोष्टीत तोंड घालत नव्हते, भाकरी टाकून उठले.

"खोटं लिंग म्या कुणाच्या गळ्यात बांधू देणार न्हाई. बांधायचं तर खरं बांधा."

"आप्पा, दोन दिसाचा तर प्रश्न हाय. साहेब येऊन गेला की—"

"मंग तोवर साहेबालाच बांध."

आप्पांच्या हट्टापायी अकरा पोरं टेम्पोत बसवून कपिलधारला नेली. तिथं जंगम स्वामींनी एकेकाच्या कपाळाला भस्म लावलं, कानात मंत्र सांगितला, गळ्यात दोरा घातला. स्वामींनी काही विचारलं नाही. धर्मात येणाऱ्याला कागद मागायची त्यांच्यात पद्धत नव्हती. पोरांना ती सहलच वाटली. धबधब्याला एप्रिलात करंगळीएवढं पाणी होतं, तेवढ्याखाली मुक्ता तासभर उभी राहिली. तिच्या हातावरची दारूची चंदेरी पूड तेव्हा पहिल्यांदा निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली.

मोजणीचे साहेब आले ते गंगासागर मरेपर्यंत विसरणार नव्हती.

"यात दहा वर्षांचे किती?" साहेबांनी विचारलं.

"चार," संगमेश्वर म्हणाले.

"चार?"

"जुळ्यांच्या दोन जोड्या. एक मे महिन्यातली, एक पुढच्या मार्चातली."

साहेबांनी गंगासागरकडं बघितलं. गंगासागरनं फरशीकडं बघितलं.

"तुम्ही यांच्या आई?"

"हो," ती म्हणाली. पाठ तेवढंच केलं होतं.

साहेब उठायला लागले ते नीट खूश होऊन उठत नव्हते. जाता जाता त्यांनी ओळीतल्या शेवटच्या पोरीला विचारलं, "बाळ, गळ्यात काय घातलंस?"

"इष्टलिंग," मुक्ता म्हणाली.

"काय करतात त्याचं?"

"आंगुळ करून भस्म लावायचं, बेल व्हायाचा. मंगच जेवायचं. कुणी कायबी म्हणलं तरी काढायचं न्हाई. मेल्यावर संगं न्यायचं."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. घरचाच व्यवसाय, बाहेरची मुलं आढळली नाहीत, असं लिहून ते गेले. बाकीची दहा पोरं दोन दिवसांत दोरे खुंटीला अडकवून मोकळी झाली. मुक्तानं काढला नाही. तिला काढायचं नाही असं सांगितलं होतं.

हे सगळं एप्रिलात. आता ऑक्टोबर होता. परवा दुपारी तीन नंबरच्या खोलीचं छप्पर उडून लिंबाच्या झाडात जाऊन बसलं होतं, ते अजून तिथंच होतं. बाकीची पोरं झाडाखाली जेवत होती, ती वाचली. खोलीत एकटी मुक्ता होती. काल सकाळी सात वाजता ती अंबाजोगाईच्या दवाखान्यात वारली.

*

बैठकीत सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, त्यामुळं कुणी हललं की करकर वाजत होतं. आप्पा खाली घोंगडीवर बसले होते. राजेश्वर सोफ्यावर होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, मांडीवर कुणाचं तरी सामान सांभाळायला घेतल्यासारखे ठेवलेले. पेटत्या खोलीत शिरून पोरीला त्यानंच बाहेर काढलं होतं. हे कुणी नाकारत नव्हतं. दाराबाहेरच्या पायरीवर, आत ये म्हणूनही न आलेला सटवा बसला होता.

संगमेश्वरनी बॅगेतून कागद काढला.

"दवाखान्यातल्या पोलीस चौकीतनं बंकट जमादाराचा फोन आलता. चारच्या आत आईबापांपैकी कुणीतरी येऊन सही करा अन् पोरीला घेऊन जा म्हणतो. दादाला तर पेन धरता येत न्हाई. अंगठ्यालाबी पट्टी. म्हणून वहिनी, तुमाला यावं लागतंय. दोन ओळीचा मजकूर हाय. मयत मुलगी ईश्वरी ही माझी मुलगी असून तिचं प्रेत ताब्यात मिळालं. बस."

"अन् भिवराबाई?" गंगासागर म्हणाली.

"ती तिथंच हाय. कालपासून झाडाखाली बसलीय. जमादाराला म्या सांगून ठिवलंय, की आमच्या घरी कामाला हाय, पोरीला अंगाखांद्यावर खेळवलंय, म्हणून रडती."

"ती काय म्हणती?"

पायरीवरून सटवाचा आवाज आला.

"माझी हाय म्हणती. दुसरं कायच बोलत न्हाई."

"तुझं काय म्हणणं हाय बे?" राजेश्वरनं विचारलं.

"आप्पा म्हणतेल तसं."

गंगासागरनं पदर सावरला. "तिला तिच्या गावाकडं न्यायचीय. सासूच्या शेजारी. मला बोलली ती. देऊन टाका की. आता काय करायचंय आपल्याला तिचं?"

राजेश्वर इतका जोरात वळला की प्लास्टिक फाटल्यासारखं वाजलं.

"तुला कळतंय का काय बोलतीस? ती आपली म्हणलं तर अपघात हाय. घरच्या धंद्यात घरची लेक गेली. लोक चार दिस रडतेल, भेटायला येतेल. अन् आपली न्हाई म्हणलं की गुन्हा! मंग मी आत. लायसन गेलं. अन् एकटीवर न्हाई भागत, उरलेली दहाबी बाहेर येतात. खोटं रेशनकार्ड कुणी काढलं? हा. वकिली गेली ह्याची. साहेबापुढं आई म्हणून कोण उभं राहिलं? तू."

"दादा बरोबर बोलतोय," संगमेश्वर म्हणाले. दोघा भावांचं गेल्या तीन वर्षांत एकमत झालेलं ही पहिलीच गोष्ट. प्लॉटच्या वाटणीवरून ते एकमेकांच्या घरचा चहा पीत नव्हते, आज पीत होते.

गंगासागरनं आप्पांकडं बघितलं. या घरात खऱ्याच्या बाजूनं एक माणूस होतं, ते हेच.

"आप्पा, तुमी तर सांगा."

आप्पा बराच वेळ घोंगडीचा एक धागा ओढत राहिले. कारखान्याला जाताना ती पोरगी रोज सकाळी त्यांच्या पूजेला येऊन बसायची, हे त्यांना आठवत होतं. पाटाच्या कडेला, मांडी घालून. त्यांच्या स्वतःच्या नातीला त्या वेळेला कार्टून असायचं. पहिले काही दिवस पोरगी नुसती बघायची. मग एक दिवस म्हणाली, आप्पा, तुमचा बेल उलटा पडलाय. बहात्तर वर्षांत त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि बेल खरंच उलटा पडला होता.

"ती आपलीच हाय," आप्पा म्हणाले.

राजेश्वरनं सुटकेचा श्वास सोडला.

"तुमच्या कागदानं न्हाई," आप्पा त्याच्याकडं न बघता म्हणाले. "तुमचा कागद चुलीत घाला. गुरूनं लिंग दिलं, त्या दिवशी ती आपली झाली. आपल्या रुद्रभूमीत म्या खड्डा खणायला माणसं लावलीत. स्वामींनी पावलांनी मोजून दिलाय. तिला भस्म लावून, हार घालून, खड्ड्यातल्या कोनाड्यात, देवळीत बसवायची, तुमच्या आईला बसवली तशी. तुज्या सासूच्या शेजारी, गंगासागर."

अशा रीतीनं बैठकीत सगळे एका बाजूला आले. दोघं खोटं टिकवण्यासाठी आणि एक जण खरं केलं म्हणून. गंगासागर एकटी उरली, आणि तिला आपण नक्की कुठल्या बाजूला उरलो तेही नीट सांगता येईना.

*

रुचिका जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसली होती. अकरा वर्षांची होती. एप्रिलात तिला अकरा भावंडं मिळाली तेव्हा तिनं वर्गात पेढे वाटायचे का, असं विचारलं होतं, आणि तिला आयुष्यातली पहिली चापट मिळाली होती.

खाली पप्पा आणि काका आग कशी लागली ते ठरवत होते.

"शॉर्ट सर्किट," काका म्हणाले. "सगळ्यात साधं."

"तीन नंबरमधी वीजच न्हाई."

"काय?"

"दारूच्या खोलीत वीज कुठं ठिवतेत का?"

काका विचारात पडले. "लाईनमनला सांगून मागच्या तारखेनं देता यील."

"उडालेल्या खोलीला?"

"छप्पर तर हाय की. झाडात."

रुचिका उठली. खाली आली. मम्मीच्या मागं उभी राहून म्हणाली, "उदबत्तीनं लागली."

सगळे तिच्याकडं वळले.

"ती दुपारच्या सुट्टीत पूजा करायची. जेवायच्या आधी. पोरं हसायची म्हणून आतच बसायची, अन् बाहेर वाऱ्यानं उदबत्ती विझली असती. ती परवाच पहिल्यांदा नेली होती. मीच दिली होती. काडेपेटीपण."

"पूजेला उदबत्ती लागत न्हाई," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "भस्म अन् बेल. मी सांगितलं होतं तिला."

"पण तुमी लावता ना, आप्पा. ती म्हणली, आप्पा लावतात तशी पाहिजे. तुमच्याच पुड्यातली दिली. चंदनाची."

राजेश्वर पुढं सरकला. "म्हंजे... तिनंच लावली?"

"दादा, हे तर—" संगमेश्वर म्हणाले. त्यांचा हात पेनाकडं गेला होता. "हे तर चांगलं हाय. म्हंजे कायद्याच्या दृष्टीनं—"

मग त्यांना स्वतःचंच ऐकू आलं. त्यांनी पेन परत खिशाला लावलं, आणि ते नीट लागलंय का, हे उगीच बराच वेळ बघत बसले.

पायरीवर सटवा उभा राहिला होता. पहिल्यांदाच तो उंबऱ्यापर्यंत आला.

"काडेपेटी घावली असती," तो म्हणाला. रागानं नाही. हजेरी सांगावी तसं. "झडती घेतली असती तर. रोज घ्यायचो. बिडी, काडेपेटी, सगळ्यांची. आपल्या पोरीचीबी घ्यायचो. मालक, तुमीच म्हणलात, सटवा, आता ती घरची लेकरं हायत, मालकाच्या पोरांची झडती घेतल्याली साहेबानं बघितली तर काय म्हणल. एप्रिलपासून बंद केली."

तो परत पायरीवर जाऊन बसला.

आप्पा उठले. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

"जीप काढा," ते म्हणाले.

"सही—"

"जीप काढा म्हणलं ना."

*

जीप अंबाजोगाईचा घाट चढत होती. आप्पा पुढं बसले होते, मांडीवर भस्माची डबी, झेंडूचा हार आणि कोरं पांढरं धोतर. हाराच्या पाकळ्या वाऱ्यानं उडून मागं सटवाच्या अंगावर येत होत्या. तो त्या एकेक वेचून परत पुढं देत होता.

गंगासागरच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड होतं. ती खिडकीतून बाहेर बघत होती, आणि तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं.

परवा ती वॉर्डात होती. आत एकालाच सोडत होते, आईला. सिस्टरनं कागद बघितला, गंगासागरला आत घेतलं, आणि तिच्या मागून शिरणाऱ्या भिवराबाईला हातानं थांबवलं. सिस्टरची काही चूक नव्हती, कागद स्वच्छ होता. पोरगी पट्ट्यांत होती, नुसते डोळे दिसत होते. तिनं दोनदा आई म्हणून हाक मारली. सिस्टर म्हणाली, "ही काय, आई आली की तुझी." पोरीनं डोळे फिरवून गंगासागरकडं बघितलं. आणि मग, साहेब आले होते तेव्हा जसं शिकवलं होतं तसं, ती हो म्हणाली.

त्यानंतर तिनं हाक मारली नाही. भिंतीच्या पलीकडं, जिन्यात, भिवराबाई सकाळपर्यंत बसून होती. बारा पावलांचं अंतर होतं. गंगासागरनं नंतर मोजलं होतं.

जीप थांबली. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक गुलमोहर होता, त्याच्या पारावर भिवराबाई होती. तिच्यापुढं कुणीतरी ठेवलेला चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. बंकट जमादार खुर्ची-टेबल उन्हातून सावलीत ओढत होता. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली त्यानं जुनी वही घातली.

"या," जमादार म्हणाला. "आई कोण?"

"ह्या," संगमेश्वर म्हणाले. "वहिनी, इथं करा सही."

गंगासागर टेबलापाशी गेली. तिनं पिशवीतून रेशनकार्ड काढून टेबलावर ठेवलं. पेन घेतलं नाही.

"मी तिची आई न्हाई," ती म्हणाली.

जमादारानं कागद बघितला, कार्ड बघितलं, तिच्याकडं बघितलं. "इथं तर लिहिलंय."

"लिहिलंय. खोटं हाय. ती आमच्या कारखान्यात कामाला होती. दीड वर्षापासून. माळा वळायची, दारू भरायची. मुक्ता तिचं नाव. तिची आई ती बसलीय तिथं. बाप हा."

"वहिनी!" संगमेश्वरनी तिचा दंडच धरला. "ह्याचा अर्थ काय होतो, कळतंय का तुमाला?"

"कळतंय, भावजी. मी सातवीच शिकले, तरीबी कळतंय."

"दादा आत जाईल."

तिनं जीपकडं बघितलं. राजेश्वर मागच्या सीटवर तसाच बसला होता. सगळं त्याला ऐकू जात होतं. त्यानं तोंड झाकायला हात वर उचलले, आणि पट्ट्या चेहऱ्याला लागून दुखल्या असाव्यात, म्हणून परत खाली ठेवले. ज्या हातांनी त्यानं पोरीला ओढून काढलं होतं, तेच होते ते. गंगासागरला ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही ती परत टेबलाकडं वळली.

"लिहा," ती म्हणाली.

जमादारानं कपाळ खाजवलं. त्याच्या नोकरीत लोक माझं आहे, माझं आहे म्हणून भांडले होते. माझं नाही म्हणून कुणी एवढ्या लांबून आलेलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला, कार्डावर बोट फिरवत. "मग ही बाकीची दहा? दोन जुळी दिसतेत."

"ती बी माझी न्हाईत. मला एकच लेक हाय. त्यांच्या आयांची नावं मला पाठ हायत. खरी नावंबी पाठ हायत. सांगते, तुमी लिहून घ्या. अन् एकबी परत त्या खोल्यांत बसणार न्हाई, तेबी लिहा."

"ते इथं लिहायला रकाना न्हाई, बाई."

"मंग समासात लिहा."

जमादारानं समासात लिहिलं. दहा नावं झाली. संगमेश्वर झाडाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पाठमोरे उभे राहिले. वकील माणूस, साक्ष कधी संपली ते त्यांना कळत होतं.

मग जमादारानं नवा कागद घेतला, आणि भिवराबाईला हाक मारली. ती उठली तेव्हा तिच्या गुडघ्यांचा आवाज झाला. तिनं शाईच्या डबीत अंगठा बुडवला, जमादारानं दाखवला तिथं टेकवला, आणि अंगठा तसाच हवेत धरून उभी राहिली, पुसायला काही नसल्यासारखी. गंगासागरनं आपला पदर पुढं केला. भिवराबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग स्वतःच्या लुगड्याला अंगठा पुसला.

दार उघडलं. दोन माणसांनी स्ट्रेचर बाहेर आणलं.

आप्पा हार, डबी आणि धोतर दोन्ही हातांवर घेऊन एवढा वेळ उभेच होते. आता ते पुढं झाले, आणि भिवराबाईपासून चार हातांवर थांबले. या बाईच्या पुढं असं उभं राहायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती. त्यांना सुरुवात सापडेना.

"बाई," ते म्हणाले. "उदबत्ती... ती माझं बघून शिकली."

"सटवानं सांगितलं मला आत्ता."

"खड्डा खणलाय म्या. आमच्या रुद्रभूमीत." मग त्यांनी मान हलवली. "ते ऱ्हाऊ दे. तिला तुमी तुमच्या गावाला न्या. जीप घिऊन जा. मी हक्क सांगत न्हाई. पण तिच्या गळ्यातलं..."

भिवराबाईनं चादरीचं टोक थोडं वर केलं. दोरा जळून गेला होता. काळं, वाटाण्याएवढं इष्टलिंग कुणीतरी धुऊन पोरीच्या उशाला ठेवलं होतं. तिनं ते उचललं, पदरानं कोरडं केलं, आणि पोरीच्या छातीवर ठेवलं.

"संगं जाऊ द्या. लई जपायची. मला हातबी लावू देत नव्हती."

आप्पांनी डबी उघडली. "भस्म लावू का?"

"लावा."

आप्पांनी तीन बोटं भस्मात बुडवली. पट्ट्यांमुळं कपाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. त्यांनी अंदाजानं लावलं. हार ठेवला. धोतर उलगडून अंगावर घातलं, चारी कडा सारख्या केल्या. मग स्वामींनी सांगितलेलं राहून जाऊ नये म्हणून, हात जोडून, खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्यात बसवून देतेत. मांडी घालून. तेवढं जमलं तर—"

"न्हाई आप्पा," भिवराबाई म्हणाली. "दीड वरीस सकाळच्यानं दिवस मावळस्तोवर मांडी घालूनच होती. घरी आली की पाय सरळ हुईत नसायचे, मी तेल लावून वढायची." तिनं चादरीवरून पोरीच्या गुडघ्यांवर हात ठेवले आणि हळूच दाबले. "बसवू नका. निजू द्या तिला."